तिनाचे दोन करताना

मार्गशीर्ष लागला, थंडी पडली, आणि आज सकाळी पडवीत पाऊल टाकलं तर नाकात गंधकाचा वास. आधी वाटलं, भास असेल. आमची द्राक्षबाग गेल्या उन्हाळ्यात काढली. तारा गुंडाळून ठेवल्या, लोखंडी अँगल बांधाच्या कडेला रचले, आणि तिथं आता मका उभा आहे. मक्याला कुणी गंधक मारत नाही. तात्यांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, विचारलं तर चहाच्या कपातून मान वर न काढता म्हणाले, "शेजारच्या बागंतनं येत आसंल." शेजारची बाग ओढ्याच्या पलीकडे आणि वारं नेमकं उलट्या दिशेचं. पण मला कॉलेजला उशीर होत होता, गारठ्यानं स्कूटी सुरू होत नव्हती, आणि सकाळच्या पारी तात्यांशी वाद घालून आजवर कुणी जिंकलेलं नाही. मी निघाले. वास मात्र आमच्या शेळगावपासून बारामतीपर्यंत माझ्याबरोबर आला.

थंडीत लोकांना काय काय आठवतं. हुरडा, शेकोटी, बाजरीची गरम भाकरी. मला पॅलेडियम आठवतं आणि डोकं उठतं. रस्त्यावर उसाच्या डबल ट्रॉल्या रेंगाळत असतात, त्यांच्या मागं मी हॉर्न वाजवत असते, आणि मनात तो एक हिवाळा आणि त्याच्या मागून आलेलं ते एक वर्ष पुन्हा उगाळत असते. उगाळून चंदनाला वास येतो म्हणतात. माझ्या ह्या आठवणीला गंधकाचाच येतो.

मी बारामतीतल्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. दर वर्षी नेमणूक संपते आणि दर वर्षी नव्यानं मुलाखत होते. घेणारेही तेच, देणारीही तीच. पीएचडी झाली की कायम करू, असं गाजर माझ्यापुढं धरलेलं. पीएचडीला नाव घातलं तेव्हा मुलगा बालवाडीत होता, आणि मी सांगतेय त्या हिवाळ्यात तो मिसरूड फुटल्याच्या ऐटीत हिंडत होता. विद्यापीठानं शेवटची मुदतवाढ दिली होती, तीही उपकार केल्यासारखी. ह्यात झालं तर झालं, नाहीतर नोंदणी रद्द, आणि इतक्या वर्षांवर पाणी. गावात जो भेटेल तो विचारायचा, "झालं का मॅडम तुमचं ते?" 'ते' म्हणजे काय हे त्याला माहीत नसायचं. अजून झालेलं नाही, हे मात्र पक्कं माहीत असायचं.

'ते' असं होतं. टोमॅटोच्या वावरात काठीला टांगलेले कामगंध सापळे आमच्याकडं सगळ्यांनी पाहिलेले आहेत. आत एक रबराची गोळी असते, तिला अळीच्या मादी पतंगाचा वास दिलेला असतो, आणि नर बिचारा त्या वासावर येऊन पिशवीत अडकतो. तो वास प्रयोगशाळेत बनवता येतो. त्यातली एक पायरी माझ्या वाट्याला आलेली. कार्बनच्या लांब साखळीत एका जागी तीन बंध असतात. त्यावर हायड्रोजन सोडायचा आणि तिनाचे दोन करायचे. दोनावर थांबायचं. तसंच पुढं जाऊन एक झाला, की साखळी शाबूत राहते पण नर तिच्याकडं ढुंकूनही बघत नाही. हे सगळं मी तात्यांना एकदा जेवताना नीट समजावून सांगितलं. ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हंजी मॅडम किड्यांची लग्नं मोडत्यात." पुढं गावभर त्यांनी हेच सांगितलं. माझ्या संशोधनाचा इतका आटोपशीर सारांश मलाही कधी जमला नव्हता.

आता हायड्रोजन आपला आपण काही करत नाही. त्याला कामाला लावायला पॅलेडियम हा धातू लागतो. चिमूटभर काळी पूड फ्लास्कमध्ये टाकायची, वर हायड्रोजनचा फुगा बांधायचा, आणि ढवळत ठेवायचं. बीएस्सीची पोरं दारातून डोकावून विचारायची, "मॅडम, वाढदिवस कुणाचा?" पॅलेडियम कामाला वाघ. पण त्याला थांबणं ठाऊक नाही. तिनाचे दोन करतं आणि त्याच दमात दोनाचा एक करून मोकळं होतं. पुस्तकातला उपाय असा, की त्याला आधी शिसं चारायचं. शास्त्रात ह्याला सरळ विष देणंच म्हणतात. विषानं धातू थोडा लुळा पडतो आणि दोनावर थांबतो. पण शिसं माणसालाही विषारीच. तेव्हा शिशाशिवाय धातूला थांबवून दाखवा, हा माझा विषय. आमच्या सरांनी, म्हणजे माझ्या गाईडनी, त्यात आपल्या भागाचा अभिमान घातला. पॅलेडियम बसवायचं ते उसाच्या चिपाडाच्या राखेवर. "राख थांबवेल त्याला," सर म्हणाले होते. कशावरून, असं विचारायची सोय नव्हती.

मधल्या काळात कॉलेजचं स्नेहसंमेलन. कुठल्याही स्नेहसंमेलनात कुणीतरी एक पाहुणा उठून सांगतोच, की शिक्षक हा उत्प्रेरकासारखा असतो, सगळ्यांत बदल घडवतो आणि स्वतः मात्र तसाच राहतो. टाळ्या पडतात. मी पहिल्या रांगेत बसून दात आवळते. ज्यानं उत्प्रेरक कधी गाळला असेल तो असलं बोलणार नाही. तो झिजतो, गोळे होतो, कागदाला चिकटून बसतो, वाळला तर पेट घेतो, आणि दुसऱ्यांदा वापरायला काढला तर पहिल्यासारखं काम करत नाही. स्वतः तसाच राहतो म्हणे. मलाही सगळे असंच म्हणायचे, तू काय बाई अजून तश्शीच दिसतेस. आरशात बघणारी मी होते.

आणि मग तो हिवाळा आला, ज्यात माझा प्रयोग जमला.

छाटणी वेळेवर झालेली, घडातले मणी लिंबोळीएवढे झालेले, आणि ढगाळ हवेनं भुरीची भीती. भुरी म्हणजे द्राक्षावर पिठासारखा बसणारा रोग. त्याला गंधक हा जुना उतारा. लोक ट्रॅक्टरला धुरळणीचं मशिन जोडून मोकळे होतात. तात्यांचा मशिनवर विश्वास नाही. "मशिन पानाला मारतंय, घडाच्या पोटात न्हाय," असं त्यांचं म्हणणं. म्हणून ते जुन्या धोतराची पोटली करायचे, तिच्यात गंधकाची भुकटी भरायची, आणि दव आहे तोवर ओळीओळीनं फिरत घडाजवळ काठीनं हलके टपटप करायचं. पिवळा धूर वेलीत शिरायचा. रविवारी मीही जायचे, डोळे चुरचुरायचे, शिंका यायच्या, आणि तात्या धुरातून विचारायचे, "मॅडम, तुमच्या त्या प्रयोगशाळंत ह्याच्यापरीस काय येगळं आसतंय?" मी म्हणायचे, तिथं पंखा असतो.

प्रयोगशाळेत पंखा होता, ओव्हन मात्र एकच, आणि तोही पोरांच्या बीकरांनी भरलेला. फ्लास्क धुतला की पुसायला मऊ फडकं लागतं. कॉलेजातून मिळणारं फडकं पाणी टिपत नाही, नुसतं फिरवतं. मी घरी कुरकुरले तेव्हा तात्यांनी आतून एक तुकडा आणून दिला. जुनं धोतर, कडेला विटकी तांबडी किनार, मधे दोन भोकं, पण धुतलेलं आणि लोण्यासारखं मऊ. "ह्ये घे, ह्येच्यासारखं पानी पिणारं जगात न्हाय," म्हणाले. खरंच नव्हतं. फ्लास्क एका हातात कोरडा व्हायचा. महिना-दीड महिन्यानं ते विरलं की दुसरं द्यायचे. माझ्या पीएचडीला त्यांनी केलेली ही मदत. त्यांनाही ती फार वाटत नव्हती, मलाही नाही.

आणि त्या दिवसांत पॅलेडियम शहाणं झालं. फुगा लावायचा, संध्याकाळी थोडा नमुना पट्टीवर टाकून तपासायचा, आणि दोनावरचा तो पिवळा ठिपका एकटाच उठलेला दिसायचा. पुढं सरकलेलं काही नाही. पुण्याला पाठवलेल्या तपासण्याही तसंच म्हणाल्या. पहिल्यांदा मला विश्वास बसला नाही, दुसऱ्यांदा मी एकटीच हसले, तिसऱ्यांदा सरांना फोन केला. सर म्हणाले, "मी म्हटलं नव्हतं? राख!" मी घरी येताना कंदी पेढे आणले. त्या हिवाळ्याइतकं सुख मला गणपतीतही झालेलं नाही. बागेत घडात साखर भरत होती, आणि रस्त्यानं येताजाता मी मोठ्यानं गाणी म्हणत होते, हेल्मेटच्या आत.

द्राक्षं उतरली तेव्हा तात्या सरांना द्यायला एक पेटी घेऊन कॉलेजात आले. आयुष्यात पहिल्यांदा. प्रयोगशाळेच्या दारात पायताण काढून ठेवलं, मी नको म्हणत असताना. पोरांनी नमस्कार केला, सरांनी खुर्ची दिली. तात्या बसले नाहीत. खिडकीच्या गजाला त्यांच्या धोतराचा तुकडा वाळत घातलेला होता, भोकांसकट. ते तिथं जाऊन त्याला पाठ लावून उभे राहिले ते निघेपर्यंत. मला वाटलं, उन्हाची ऊब घेतायत. दुसऱ्या दिवशी बारामतीच्या बाजारातून त्यांनी कोरं पांढरं मलमल आणलं, शिंप्याकडून चौकोन कापून चारी कडा दुमडून घेतल्या, आणि माझ्या हातात गठ्ठाच ठेवला. "हितनं फुडं ह्येच न्यायचं." मला भरून आलं. मी तो गठ्ठा मिरवत नेला आणि जुना तुकडा स्वतःच्या हातानं कचऱ्यात टाकला.

इथून पुढं नुसता वैताग.

पुढचाच प्रयोग एकावर गेला. वाटलं, असतो एखादा दिवस. त्याच्या पुढचाही गेला. पॅलेडियम पुन्हा मोकाट सुटलेलं, ये रे माझ्या मागल्या. हायड्रोजनचं सिलिंडर बदललं. द्रावक दोनदा गाळून घेतलं. राख नवी केली, मग जुनीच्या जुनी शोधून काढली. कारखान्याचा गाळप हंगाम संपला होता, म्हणून मळीच्या हवेचा काही संबंध असेल का, असलाही विचार केला. अडला हरी, तसं. उन्हाळा वाढला तर वाटलं उकाड्यानं होतंय, म्हणून बर्फात फ्लास्क ठेवून पाहिला. एकच. पट्टीवर तो पिवळा ठिपका काही उठेना. पोरं दारातून आता वाढदिवसाचं विचारत नव्हती, इतकं माझं तोंड झालेलं.

सर दर खेपेला एकच शब्द बोलायचे, "रिपीट." बाकी काही नाही. रिपीट करा मॅडम. ज्याला स्वतःला काही रिपीट करायचं नसतं त्याच्या तोंडी हा शब्द फार शोभतो. एकदा मात्र त्यांनी खालच्या आवाजात विचारलं, "तेव्हाचे निकाल... खरे होते ना?" मी बेसिनपाशी जाऊन धुतलेलेच फ्लास्क परत धुतले. त्या प्रश्नाचा राग अजून उतरलेला नाही. मुदत सरत होती. जमलेला प्रयोग परत करून दाखवता येत नसेल तर तो जमला असं शास्त्रात कुणी म्हणत नाही, आणि बरोबर आहे ते. म्हणूनच जास्त जळफळाट.

वैशाखात सासूबाई मला नरसिंहपूरला घेऊन गेल्या. नृसिंह त्यांचं कुलदैवत. भीमा-नीरेच्या संगमावर पाणी पार खाली गेलेलं, पायऱ्या तापलेल्या. "देवाला नीट सांग काय पायजे त्ये, उगं गुळमुळीत न्हाय," त्या म्हणाल्या. मी हात जोडून उभी राहिले आणि काय सांगावं हेच कळेना. देवा, दोनावर थांबू दे? गाभाऱ्यात कुणीतरी पोराला गोष्ट सांगत होतं. दिवसा नाही, रात्री नाही. आत नाही, बाहेर नाही. म्हणून देवानं नेमका उंबरठा गाठला. लहानपणापासून ऐकलेली गोष्ट, पण त्या दिवशी मला देवाचा हेवा वाटला. नेमक्या उंबरठ्यावर थांबायचं, एक पाऊल इकडं नाही की तिकडं नाही, हे त्याला जमलं कसं? परतताना सासूबाईंनी विचारलं, सांगितलंस का? म्हटलं, सांगितलं. "मंग हुईल." त्यांचं समाधान झालं. मला ऊन लागलं होतं.

पाऊस आला, गेला. नेमणूक संपली, मुलाखत झाली, तेच प्रश्न, तीच उत्तरं. "पीएचडी कुठवर आली?" "शेवटच्या टप्प्यात." वडगाव निंबाळकरला माहेरी गेले तर भाऊ गोठ्यातून ओरडला, "ताई, डॉक्टर झालीस की ह्या गाईला आधी बघ." बाकीचे हसले. मी चहा न घेता निघाले. घरी नवरा म्हणाला, सोडून दे ना, इतका त्रास करून घेण्यापेक्षा. त्याचं प्रेमाचं बोलणं, पण मला वाटलं त्याच्या डोक्यात फ्लास्क घालावा. सोडायचंच होतं तर पोराच्या बालवाडीतच सोडलं असतं. पुन्हा छाटणी झाली, पुन्हा थंडी आली. फाल्गुनात प्रबंध द्यायचा होता आणि हातात एकही धड प्रयोग नव्हता.

रविवारची सकाळ होती. धुकं असं, की दोन ओळींपलीकडची वेल दिसत नव्हती. तात्या पोटली घेऊन पुढं, मी मागून पानं बाजूला करत. करायला घरी काही नव्हतं म्हणून आलेले, बोलायची इच्छा नव्हती. टप, टप, टप. पिवळा धूर. आणि त्या पोटलीला विटकी तांबडी किनार.

मी म्हटलं, "तात्या, हे कापड कुठलं?"

"धोतराचं. दरसाली येक धोतर ह्येच्यापायी जातंय."

"मला फडकी द्यायचात ती?"

"तीच की. पोटली मऊ पडली की भुकटी गळती जास्त. मंग धुवायची आन तुला द्यायची. चांगली धुतलेली आसायची," ते घाईनं म्हणाले, "दगडावर आपटून, दोनदा."

मी वेलीची तार धरून उभी राहिले. गंधक पाण्यात विरघळत नाही. हे मी दर वर्षी पोरांना शिकवते, परीक्षेत विचारते, चुकलं तर गुण कापते. तात्यांनी दगडावर कितीही आपटलं तरी सुताच्या पोटात बसलेला गंधक थोडा तरी राहणारच. फ्लास्क पुसला की तो काचेला लागणार, द्रावकात उतरणार, आणि पॅलेडियमला जाऊन चिकटणार. गंधक हे पॅलेडियमचं शिशापेक्षाही जुनं विष. एवढंसं असलं तरी पुरतं. तो सगळा हिवाळा मी धातूला विष घालत होते आणि राखेचे गोडवे गात होते. काखेत कळसा म्हणतात, इथं तर कळशानंच मी फ्लास्क पुसत होते. आणि मग कोरं मलमल आलं.

"मग नवं कशाला आणलंत?" माझा आवाज चढला.

तात्यांनी टपटप थांबवली. "तितं समदी शिकल्याली मान्सं. पोरं तुला मॅडम मॅडम करत्यात. आन खिडकीला सासऱ्याचं फाटकं धोतर. मला बघवलं न्हाय."

"एका शब्दानं बोलला असतात तर माझं वर्ष वाचलं असतं, तात्या."

"फडक्याचं काय बोलायचं आसतंय?" ते म्हणाले. मग काठी खाली टेकवून, "म्हंजी मी बरं करायला गेलो त्येच नडलं व्हय तुला?"

मी म्हटलं, "नडलं." खोटं बोलायला मला त्या क्षणी सुचलं नाही. ते पाठ फिरवून धुक्यात पुढच्या ओळीला गेले. टपटप पुन्हा सुरू झाली, पण काठी पोटलीवर कमी आणि तारेवर जास्त लागत होती.

सोमवारी सकाळी स्कूटीच्या हुकाला एक पिशवी अडकवलेली. आत पोटलीचं कापड, पिवळंधमक, हात लावला की भुकटी उडेल असं. तात्या पडवीत उभे. "घे. धुतलं न्हाय. समदा गुण शाबूत हाय."

आता हसावं की कपाळाला हात लावावा. मी स्कूटी स्टँडला लावली आणि समजावलं, की एवढा गंधक गेला तर धातू थांबणार नाही, मरेल. तिनावरच बसून राहील. त्याला मारायचं नाही, जरा आवरायचं आहे. तात्यांनी पिशवी परत घेतली आणि विचारलं, "मंग किती धुऊ?"

इतक्या वर्षांत माझ्या विषयातला इतका नेमका प्रश्न मला कुणी विचारला नव्हता, सरांनीसुद्धा नाही. म्हटलं, "पहिल्यांदा धुवायचात, तेवढंच." ते हौदावर गेले, दगडावर आपटून आपटून धुतलं, पिळलं, उन्हाकडं धरून बघितलं, आणि ओलंच माझ्या हाती दिलं. माझा पहिला तास चुकला.

त्या दिवशी संध्याकाळी पट्टीवर पिवळा ठिपका उठला. एकटाच. मी खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसून राहिले. आनंद झाला, पण आधी रागच आला, त्या ठिपक्याचा. इतके दिवस कुठं होतास, असं विचारावंसं वाटलं.

पुढचं काम मग शाळकरी होतं. बाटलीतला शुद्ध गंधक घेतला, टोल्युइन ह्या द्रावकात विरघळवला, थेंब मोजून टाकले. जास्त पडला तर काम बंद, कमी पडला तर एकावर, आणि मधे एक जागा अशी, की दर खेपेला दोनावर थांबायचं. पॅलेडियम राखेवर बसवलेलं असो की साध्या कोळशावर, गंधक मिळाला की ते थांबायचं. सरांना सांगितलं तर बराच वेळ त्यांनी चष्मा पुसला. "म्हणजे राखेचा काही संबंध नाही?" नाही सर. "गंधक तर जुनीच गोष्ट आहे हो मॅडम." आहे सर. "पण शिसं टळलं." टळलं सर. "मग रिपीट करून घ्या आणि लिहा." घेतलं, लिहिलं. जग हललं नाही. मुदतीच्या आत प्रबंध गेला.

तोंडी परीक्षेला तात्या आले. इस्त्रीचं पांढरं धोतर, टोपी, शेवटची रांग. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, "बाकी ठीक, पण गंधकच का? सुचलं कसं?" मी छापील उत्तर तयार ठेवलं होतं. पण आडरानातून फिरून आल्यावर सरळ वाटेनं आले असं सांगायची मला चीड आली. मी म्हटलं, "सासऱ्यांच्या धोतरामुळं," आणि सगळं सांगितलं, पोटलीपासून मलमलापर्यंत. लोक हसले. परीक्षक म्हणाले, "म्हणजे विष घरचंच होतं." आणखी हसले. तात्या हसले नाहीत. ते धोतराचा सोगा नीट करत बसले.

परत येताना नवरा गाडी चालवत होता, मागं पेढ्यांचा खोका. लासुर्ण्याच्या आसपास तात्या एकदम म्हणाले, "त्या मानसानं इख म्हनलं. आपलं इख निगालं व्हय त्यात?"

मी सांगितलं, की तसं वाईट अर्थानं नाही. धातूला फार जोर असतो, तो सगळंच उरकून टाकतो, आणि सगळं उरकलं की हाती काही राहत नाही. त्याच्या मधे मधे कुणीतरी आडवं बसावं लागतं. मग तो पाहिजे तेवढंच करतो. तात्यांनी खिडकीतून उसाकडं बघत विचार केला.

"घरात म्हातारं मानूस आसतंय तसं," ते म्हणाले.

नवऱ्यानं आरशातून माझ्याकडं बघितलं.

त्याला आता वर्ष होऊन गेलं. मी डॉक्टर झाले, कायम करण्याचं प्रकरण कुठंतरी फायलीत पेंड खातंय, भावाची गाय आपली आपण बरी झाली. उन्हाळ्यात तात्यांचे गुडघे धरले, थंडीत धुक्यातून ओळीनं फिरणं आता होणार नव्हतं, आणि मशिननं बाग करण्यापेक्षा नसलेली बरी म्हणून त्यांनी स्वतःच काढायला लावली. काढली त्या दिवशी ते शेताकडं फिरकले नाहीत. प्रयोगशाळेत आता मोजून केलेल्या गंधकाची बाटली आहे, वर माझ्या अक्षरात चिठ्ठी. माझ्या हाताखाली दोन मुली हाच प्रयोग करतात. फ्लास्क ओव्हनमध्येच वाळवायचा, कसलंही फडकं लावायचं नाही, असा माझा सक्त नियम आहे, आणि एकीनं ओढणीनं पुसला तर मी तिला तासभर बोलले.

आज कॉलेजच्या आवारात स्कूटी लावली, डबा काढायला सीट उघडली, आणि तो वास भपकन अंगावर आला. डब्याखाली घडी घातलेलं कापड. तांबडी किनार. धुतलेलं, पिळलेलं, अजून दमट. माझ्या डब्याच्या पिशवीलाही गंधक लागलेला. डोकं सणकलं. तिथंच उभी राहून फोन लावला.

"तात्या, बाग नाही, काही नाही, गंधक कशाला आणलात?"

"आनला उलीसा," तात्या म्हणाले. "थंडी पडली की. तुझ्या त्या पोरींचं परयोग आसतील आता. दोनावर थांबलं न्हाय म्हंजी मंग आमच्या नावानं बोंबलशील."

बाटलीचं मी त्यांना सांगितलेलं नाही. आता सांगणार होते, जिभेवर आलं होतं, की तात्या, हे कापड मी आत नेलं तर दोघींची महिन्याची मेहनत मातीत जाईल. शेजारून मुली "गुड मॉर्निंग मॅडम" म्हणत गेल्या. फोनमध्ये मागं कुठंतरी हौदात पाणी पडत होतं. गुडघे धरलेला माणूस सकाळी गारठ्यात दगडापाशी बसला होता तर.

मी म्हटलं, "किती धुतलंत?"

"पह्यल्यावानीच," तात्या म्हणाले. "दोनदा."